चीफ, तो ‘शक्यतो’ माझा होता

चीफ,

तुमच्या मयतीला मी चुकीच्या कबरस्तानात गेलो, हे आधी सांगून टाकतो. नंतर धाडस होणार नाही. तसंही भाभींनी एव्हाना निम्म्या पुंडलिकनगरला सांगितलं असेल.

फोन आला तेव्हा मी शेंद्र्याला होतो. जुन्या कंपनीनं एका पंपाचं मॅन्युअल दुरुस्त करून द्यायला बोलावलं होतं. ‘दुपारी, जोहरच्या नमाजनंतर’ एवढंच ऐकलं आणि फोन खिशात टाकला. कुठं, ते विचारलंच नाही. स्कूटर काढली. वाटेत एका कबरस्तानापाशी गर्दी दिसली, आत शिरलो. जनाजा येतच होता. डोक्याला रुमाल बांधला, पुढं घुसलो, खांदा दिला. चाळीसेक पावलं चाललो असेन. मनात म्हणत होतो, चीफ, किती हलके झालात हो तुम्ही. रडूही आलं. मग शेजारच्याला हळूच विचारलं, ‘रशीदभाईंचे कन्नडचे गाववाले पोचले का?’

तो म्हणाला, ‘कौन रशीदभाई? ये तो हमारे मामू हैं.’

कुणी हसलं असतं तर बरं झालं असतं. एका म्हाताऱ्यानं माझ्या खांद्यावरचा दांडा आपल्या खांद्यावर घेतला आणि म्हणाला, ‘कोई बात नहीं. सवाब तो मिल गया, पुण्य तो लगा. जाओ, अपनेवाले को ढूंढो.’

मी तुमच्यापाशी पोचलो तोवर कबर भरत आली होती. तुमच्या पुतण्यानं मला पुढं ढकललं, ‘तीन मुठी टाका, काका.’ टाकल्या. तिसरी मूठ सुटताना तुमचा आवाज कानात आला. नेहमीचाच, जरा खवट: ‘बघून घेतली का, मुन्शी?’

नव्हती बघून घेतली. कधीच घेतली नाही. आज जे सांगायला बसलोय, तेही त्याचंच आहे.

तुम्ही मला मुन्शी का म्हणायचात ते मला माहीत होतं. आयुष्यभर मी पंपांची मॅन्युअलं लिहिली. जी कुणी वाचत नाही, आणि वाचलीच तर पंप बिघडल्यावर वाचतात. त्यातही एकदा माझ्या हातून ‘आधी उघडा’ आणि ‘मग बंद करा’ यांची अदलाबदल झाली होती, आणि पहिल्याच चाचणीत आमचे मॅनेजर टायसकट न्हाऊन निघाले होते. हा किस्सा तुम्हाला मीच सांगितला, हसवण्यासाठी. तुम्ही हसला नाहीत. विचारलंत, ‘कोई मरा तो नहीं ना?’ मी म्हणालो नाही. मग तुम्ही पोट धरून हसलात. आधी ते विचारायचं आणि मग हसायचं, हा क्रम मला तेव्हा गमतीचा वाटला.

आपल्या इमारतीत तुम्ही राहायला आलात तेव्हा आम्हा बाकीच्या सात बिऱ्हाडांना वाटलं, बोटीवरचा चीफ इंजिनिअर म्हणजे माणूस तोऱ्यात असणार. तुम्ही पहिल्याच आठवड्यात पंपाची पाळी मागून घेतलीत. आपल्या शहरात नळाला पाणी कोणत्या दिवशी येईल ते पंचांगातही सापडत नाही. येतं तेव्हा हौद भरायचा, मोटर लावायची, वरची टाकी भरायची, आणि हे सगळं घरटी पाळीनं. कोण कधी मोटर लावतो, कोण कधी बंद करायला विसरतो, याचा काही मेळ नव्हता. तुम्ही बोटीवरची रीत आणलीत. पाळी म्हणायचं नाही, वॉच म्हणायचं. जाणाऱ्यानं तीन गोष्टी सांगायच्या: पाणी किती, कोणता व्हॉल्व्ह उघडा, बिघडलेलं काय. येणाऱ्यानं जाऊन स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं आणि मगच म्हणायचं, ‘घेतली.’ तो म्हणेपर्यंत जाणाऱ्यानं जागा सोडायची नाही. जहाज बुडत असलं तरी.

‘आणि बिघाड असला तर?’ मी विचारलं होतं.

‘मग बिघाडासकट घ्यायची. चांगली चालू असली तर कोन बी घेतं.’

आम्ही खूप हसलो त्या रीतीला. मग माझी वॉच आली. मी दारात चहा पीत उभा होतो, तुम्ही जिन्यातून सांगितलंत, हौदात दीड फूट, वरचा व्हॉल्व्ह बंद आहे, मोटरच्या दांड्याभोवतीच्या ग्लँडला गळती. मी कप न ठेवता म्हणालो, ‘घेतली, घेतली.’ आणि आतूनच बटण दाबलं. बंद व्हॉल्व्हवर मोटर चालली, तळमजल्यावरचा पाइपाचा सांधा उडाला, आणि अख्ख्या इमारतीचं आठवड्याचं पाणी तुमच्याच बैठकीत गेलं. ज्यानं पंपांवर आयुष्य काढलं, त्या माणसानं हे केलं. बायका बादल्या घेऊन धावल्या. आमच्या सुमनला तर मी त्या दिवसापासून नवरा म्हणून कमी आणि गळती म्हणून जास्त माहीत आहे.

तुम्ही ओल्या पायजम्यानं पायरीवर बसला होतात. मी समोर उभा, मान खाली. म्हणालात, ‘समंदर में बी ऐसाच होता, मुन्शी. पानी बहुत होता. गलत जगह पे होता.’

एवढंच. दुसऱ्या दिवशी वॉच पुन्हा मलाच दिलीत.

लंडनचं प्रकरण तुम्ही माझ्याकडं आणलंत, ते मला वाटतं याच भरवशावर. ज्यानं एकदा सांधा उडवलाय, तो पुन्हा बघेल, असा तुमचा हिशेब. चुकलात तुम्ही. पण ते पुढं.

तुम्ही कागदांची चळत घेऊन आलात आणि मला पाऊण तास समजावत बसलात. अणुशक्तीवर चालणाऱ्या व्यापारी जहाजांच्या सुरक्षेची एक आंतरराष्ट्रीय नियमावली आहे, पंचेचाळीसेक वर्षांपूर्वीची. लिहिली तेव्हा एकाच जातीची अणुभट्टी डोळ्यांपुढं होती, दाबाखालच्या पाण्यानं निवणारी. पुढं अशी मालवाहू जहाजं जगात बोटांवर मोजण्याइतकीच झाली, आणि नियमावली कपाटात पडून राहिली. आता धूर कमी करायचा म्हणून जहाजवाल्यांना पुन्हा अणू आठवलाय. भट्ट्यांच्या नव्या जाती निघाल्यात. म्हणून सगळ्या देशांनी लंडनमध्ये बसून जुने नियम बदलायला घेतलेत, आणि तुमच्या निवृत्त सागरी इंजिनिअरांच्या संघटनेनं सभासदांकडून मतं मागवलीत. ती एकत्र होऊन दिल्लीला जाणार, दिल्लीहून तिकडं.

मी म्हणालो, ‘चीफ, इथून समुद्र कुठं, आपण कुठं. नळाला पाणी नाही आणि तुम्ही जहाजाचे नियम लिहिताय.’

‘म्हणून तर,’ तुम्ही म्हणालात. ‘ज्याला पानी नाय त्यालाच कळतं, थंडा ठेवायला पानी किती लागतं.’

मग रोज सकाळी दहा ते बारा. तुम्ही सांगायचं, मी लिहायचं. आधी मराठीत, मग इंग्रजीत. तुमची कसोटी एकच: जो नियम कन्नडच्या गुऱ्हाळावर सांगता येत नाही, तो बोटीवर चालत नाही. तुम्ही उसाच्या फडातनं बोटीवर गेलेला माणूस. मी पहिल्याच दिवशी आपलं अज्ञान पाजळलं होतं, ‘भट्टी बंद केली की झालं ना? गॅस बंद केल्यासारखं.’ तुम्ही चष्मा काढून माझ्याकडं बघितलंत.

‘गुऱ्हाळ बघितलं का कधी?’

‘बघितलंय की.’

‘चुलवाणातला जाळ ओढून काढला, तर काहील लगेच निवती का?’

‘नाही. रटरटत राहते.’

‘ढवळनारा पळून गेला तर?’

‘गूळ करपतो.’

‘बस. गूळ करपला तर गुळव्या शिव्या खातो. हितं भट्टी बंद केल्यावर बी आत गरमी बनतच ऱ्हाती. घंटा, दिवस, हप्ते. आणि ती काढून नेनारा पळून गेला तर शिव्या द्यायला कोन उरत नाय.’

इतक्या वर्षांत मला कुणी इतकं सरळ मॅन्युअल सांगितलं नव्हतं. तुमच्या नव्या भट्ट्यांपैकी एकीत इंधन वितळलेल्या मिठात विरघळवलेलं असतं, हे ऐकून मी म्हणालो, ‘म्हणजे लोणचंच की.’ तुम्ही तोंड वाकडं केलंत. दोन दिवसांनी जिन्यात भेटलात तेव्हा मात्र थांबून, कठडा धरून, ‘लोनचं’ म्हणून एकटेच हसलात. हसताना खोकला आला, आणि खोकला थांबेना. तेव्हा पहिल्यांदा मला तुमच्या छातीची भीती वाटली.

आपलं मोठं भांडण तसंच राहून गेलं, चीफ. असली जहाजं असावीत का नसावीत. मी म्हणायचो, नकोतच. पाणी माणसाच्या हातातलं नाही, अणू तर त्याहून नाही, दोन्ही एका भांड्यात कशाला. तुम्ही छातीवर बोट ठेवायचात. ‘इसमें क्या भरा है मालूम? तीस साल का जळकं तेल. धूर बी अपघातच आहे, मुन्शी. फक्त धीमा.’ मग मी विषय बदलायचो: कोणतं बंदर असलं आजारी जहाज आत घेईल? तुम्ही म्हणायचात, बीमार झाल्यावर दार लावून घेत असतील तर ते बंदर कसलं. हे सगळं कागदावर आलं नाही. एका पानात बसवायचं होतं, आणि शेवटी तुम्ही एकाच कलमावर अडून बसलात.

ते कलम मला पाठ आहे. ‘भट्टी बंद केल्यावर उरलेली उष्णता काढून नेणारी यंत्रणा जहाजाची सगळी वीज गेली तरी आपोआप चालली पाहिजे, आणि प्रत्येक सफरीला निघण्यापूर्वी ती प्रत्यक्ष चालवून बघितलीच पाहिजे.’

मी म्हणालो, ‘यात एक शक्यतो टाकू या. शक्यतो प्रत्येक सफरीपूर्वी.’

‘नाय.’

‘अहो, दर सफरीला भट्टी बंद करून तपासत बसले तर माल पोचायचा कधी? उशीर होईल.’

‘होऊ दे. उशिरानं अजून कोन मेलं नाय.’

‘इतका कडक नियम तिथले लोक वाचणारही नाहीत, चीफ. आख्खं पान बाजूला ठेवतील. थोडं सैल ठेवलं तर बाकीचं तरी आत जाईल.’

मग दामूचं सांगितलंत. एकदाच सांगितलंत, आणि पुन्हा विचारू नको म्हणालात. मी विचारलं नाही. आज लिहितोय, माफ करा.

तुमच्या एका साध्या तेलावरच्या मालवाहू जहाजाचं. कंपनीच्या पुस्तकात लिहिलं होतं: आपत्कालीन जनरेटर शक्यतो दर आठवड्याला चालवून बघावा. त्या आठवड्यात बंदरात धावपळ होती. तुम्ही न चालवताच पानावर ‘चालवून बघितला’ची खूण केलीत आणि खाली सही केलीत. शक्यतो लिहिलं होतं, आणि शक्य नव्हतं. चार दिवसांनी उधाणलेल्या समुद्रात, भर दुपारी, सगळी वीज गेली. इंजिनरूममध्ये दुपार नसतेच. जनरेटर उठला नाही, त्याची बॅटरी बसलेली होती. रत्नागिरीकडचा दामू, यंत्रांचं तेलपाणी बघणारा ऑइलर, तुमच्याच वयाचा, अंधारात शिडी उतरून हातानं व्हॉल्व्ह उघडायला गेला. जहाज कललं. तो वर आला नाही.

‘चौकशी झाली,’ तुम्ही म्हणालात. ‘मेरे को किसी ने कुछ नहीं बोला. पुस्तक में शक्यतो था ना. मी सुटलो. त्या शब्दानं मला सोडवलं.’

आणि मग माझ्या हातातला कागद घेऊन त्या कलमाखाली सही केलीत. मराठीत. रशीद. म्हणालात, ‘असंच जाऊ दे.’

चीफ, ते असंच गेलं नाही.

इंग्रजी पत्र मी टाइप केलं, तुमच्या नावानं, आणि शेवटच्या दिवशी पाठवायच्या आधी मी तो शब्द घातला. इंग्रजीत त्याचे चार शब्द होतात. दामूचं ऐकल्यानंतर घातला, हे लक्षात घ्या. तेव्हा मी स्वतःला काय सांगितलं तेही सांगतो. सांगितलं की लंडनमध्ये तुमचं हसं होऊ नये. सांगितलं की पान आत जाणं महत्त्वाचं. सांगितलं की चीफ आजारी आहेत, हळवे झालेत, आपण धंद्यातले, आपल्याला कळतं. यातलं निम्मं खरं होतं. उरलेलं निम्मं एवढंच, की भांडणात मला तुमच्यापुढं कधी जिंकता आलं नाही, म्हणून तुमच्या पाठीमागं जिंकलो.

संध्याकाळी तुम्ही विचारलंत, ‘जैसा था वैसाच गया?’

‘जसंच्या तसं,’ मी म्हणालो.

तुम्ही इतके खूश झालात की ईद नसताना भाभींना शीरखुर्मा करायला लावलात. तोवर घरातच लागलेली ऑक्सिजनची नळी नाकाला, आणि हातात वाटी. मी दोन वाट्या खाल्ल्या. दुसरी तर मागून घेतली.

त्यानंतर बारा दिवसांनी तुम्हाला दवाखान्यात न्यावं लागलं. मी भेटायला आलो तेव्हा तोंडावर मास्क होता. तुम्ही तो बाजूला केलात, नर्स ओरडली, तुम्ही तिला हातानं थांबवलंत. मग मला तीन बोटं दाखवलीत. मला वाटलं तीन नंबरचा बेड म्हणताय. मी शेजारच्या बेडकडं बघितलं. असा मी.

तुम्ही एकेक बोट मिटत सांगितलंत, दम घेत घेत. ‘भाभी की गोलियां. सवेरे-शाम. ती विसरती.’ मग, ‘मोटर की गळती. ग्लँड बदला नहीं अजून.’ मग, ‘लंडन का देख.’

आणि माझ्याकडं बघत राहिलात.

मला कळलं होतं, चीफ. तेवढा मी मूर्ख नाही. तुम्ही वॉच देत होतात, आणि माझा एक शब्द ऐकायला थांबला होतात. पण तिसरी गोष्ट लंडनची होती. लंडनचं काय बघणार होतो मी? तिथं काय केलंय ते मलाच माहीत होतं. मग मी ते केलं जे आयुष्यभर अडचणीत करत आलो. विनोद केला. म्हणालो, ‘वा, परवा घरी येणार आणि वॉच आजच टाकताय होय. तुमची पाळी तुम्हीच करा.’

तुम्ही हसला नाहीत. नर्सनं मास्क लावला आणि मला बाहेर काढलं. दाराच्या काचेतून बघितलं तर तुम्ही अजून दाराकडंच बघत होतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शेंद्र्याला गेलो. साडेदहाला फोन आला.

समोरचा ‘घेतली’ म्हणेपर्यंत जागा सोडायची नाही, हा तुमचा नियम. तुम्हाला तो एकदाच मोडावा लागला, आणि तोही माझ्यामुळं.

तिसऱ्या दिवशी जियारतची दुआ झाल्यावर पाहुणे पांगले. भाभी ऑक्सिजनच्या यंत्राची नळी गुंडाळत बसल्या होत्या, ते परत द्यायचं होतं. मी समोर बसून सगळं सांगितलं. त्यांनी नळी गुंडाळणं थांबवलं नाही.

‘एक लफ्ज?’

‘हो. एकच.’

‘वही दामूवाला?’

मला ठाऊक नव्हतं की त्यांना दामू माहीत आहे. मी मान हलवली.

भाभी म्हणाल्या, ‘इतने साल उन्होंने वो लफ्ज घर में घुसने नहीं दिया, मुन्शी. मैं बोलूं, हो सके तो दही लेते आना. तो दरवाजे पे खडे हो जाते. बोलते, हो सके तो नक्को बोल. लाना है या नहीं लाना है, वो बोल.’ नळी गुंडाळून झाली. ती त्यांनी मांडीवर ठेवली. ‘और तुमने उनके नाम से वोइच लिख दिया.’

मी म्हणालो, ‘भाभी, मला माफ करा.’

‘मेरे को कायको बोल रे? मेरा नाम है क्या नीचे? उनको बोलो. और चालीसवें से पहले वो निकाल के आओ.’

मग उठून आत गेल्या. चहाचं विचारलं नाही. आठ वर्षांत पहिल्यांदा.

म्हणून संघटनेच्या सचिवांना मेल केला. दोन दिवस उत्तर नाही, मग फोनच केला. सज्जन माणूस, आवाज मऊ. म्हणाले, मतं एकत्र करून पुढं पाठवली आहेत. दुरुस्ती करायचीच तर ज्यांचं मत आहे त्यांच्याच सहीनं करता येते.

‘ते वारले,’ मी म्हणालो.

‘अरेरे. वाईट झालं.’ ‘मग ते मत अंतिमच धरावं लागेल.’

फोन ठेवून मी मोटरपाशी पायरीवर जाऊन बसलो. माणूस जिवंत असता तर खोडता आलं असतं. मेला म्हणून अंतिम. दामूच्या वेळी त्या शब्दाच्या आडोशानं तुमची सही सुटली, आणि ती तुम्हाला जन्मभर टोचली. आता तुमच्या सहीच्या आडोशानं तो शब्द बसलाय. उद्या कुठल्या तरी बंदरात कुणी चीफ घाईत असेल, आणि पानावर नुसतीच खूण करेल. त्यालाही सोडवायला काहीतरी लागेलच. त्याच्या खाली शिडीवर कुणीतरी असेल.

माझं लिहिणं इतकं कुणी मनावर घेणार नाही, हे मला कळतं. हजार कागदांतला एक कागद. लंडनला कदाचित पोचणारही नाही, पोचला तरी त्यातला एक शब्द कोण बघतो. तुमचा जनरेटरही शंभर आठवड्यांतला एक आठवडा न चालवता राहिला होता.

मी दुसरं पत्र लिहिलं. या वेळी माझ्या नावानं. लिहिलं की अमुक पत्रातल्या कलमातले ते चार शब्द पत्रावर ज्यांचं नाव आहे त्यांचे नाहीत, ते माझे आहेत, मी त्यांना न विचारता घातले आणि त्यांना खोटं सांगितलं. सोबत तुम्ही सांगितलेलं मराठी पान जोडलं, ज्यात तो शब्द नाही आणि खाली तुमची सही आहे. भाभींना वाचून दाखवलं. त्यांना इंग्रजी येत नाही. म्हणाल्या, ‘मराठी में बोलो, गुऱ्हाळवाली.’ मी गुऱ्हाळवाली सांगितली. सगळं ऐकून घेतलं, मान नाही हलवली. पण चहा टाकला.

पत्र पोचल्याचं सचिवांनी कळवलंय. पुढच्या फेरीत चर्चेला येऊ शकेल, म्हणाले. शकेल. तुमच्या कानांनी मला तो शब्द ऐकू आला, चीफ, आणि पहिल्यांदा चीड आली. दर सोमवारी फोन करतो. आता ते माझा आवाज ओळखतात, आणि ओळखल्यावर त्यांचा आवाज जरा कमी मऊ होतो.

चालीसवं, तुमचा चाळिसावा दिवस, परवा आहे. शब्द अजून निघालेला नाही. भाभींना तसं सांगितलं. ‘परसों के बाद बी सोमवार आता है,’ म्हणाल्या.

आज पाणी आलंय. पाळी तुमच्या घराची आहे, ती मी करतोय. कप आत ठेवून आलोय. खाली जाऊन बघितलं: हौदात साडेतीन फूट. वरचा व्हॉल्व्ह उघडा, हात लावून बघितला. ग्लँड कालच बदललं, तरी एक थेंब सुटतोय, त्याच्याखाली डबा ठेवलाय. भाभींची सकाळची गोळी गेली, संध्याकाळची बाकी आहे, मी सहाला जाईन. लंडनचं गळतंय. ते कधी थांबेल सांगता येत नाही, थांबेल की नाही तेही सांगता येत नाही. लपवत नाही, आहे तसं सांगतोय.

उशीर झाला, चीफ. तुम्हाला दाराकडं बघत ठेवलं.

सगळं बघून आलोय. घेतली. बिघाडासकट घेतली.

आता तुम्ही जागा सोडा.